आडवी रेघ : मोटारीच्या माहितीपत्रकाचे एक वाचन

मोटारीच्या शोरूममधून मिळणाऱ्या गुळगुळीत माहितीपत्रकाचे शेवटचे पान बहुतेक लोक घरी आल्यावर वाचतात. आधीच्या पानांवर डोंगर असतो, समुद्र असतो, हसणारे चौकोनी कुटुंब असते. शेवटच्या पानावर फक्त एक तक्ता असतो. डावीकडे वस्तूंची नावे, वर गाडीच्या चार-पाच प्रकारांची नावे आणि खालच्या चौकटींत दोनच चिन्हे. वस्तू असेल तर बरोबरची खूण किंवा काळा ठिपका. नसेल तर आडवी रेघ.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली अशी माहितीपत्रके माझ्याकडे एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. काही शोरूममधून मागून आणलेली, बरीचशी रद्दीच्या दुकानात किलोवर घेतलेली. मी मोटार-अभियंता नाही. जुनी दरपत्रके, पंचांगातल्या जाहिराती, औषधांच्या बाटल्यांवरची लेबले, असा ज्याला कोणी साहित्य म्हणत नाही तो छापील मजकूर वाचणे हा माझा उद्योग आहे. त्या ओघात हे तक्तेही वाचू लागलो.

दसरा-पाडवा जवळ आला की नात्यातले, ओळखीतले कोणीतरी हमखास विचारते, “बेस मॉडेल घेऊ, मधलं घेऊ, की टॉप?” या प्रश्नाचे उत्तर सहसा खिशाकडे पाहून दिले जाते. माझे म्हणणे असे, की आधी तो तक्ता एखाद्या संहितेसारखा वाचावा. तसा वाचला, की ‘पर्यायी’ या साध्या शब्दात एक गोष्ट दडलेली दिसते. पर्याय निवडतो एक जण आणि त्याचे परिणाम भोगतात दुसरेच. तक्ता बोलतो तो पहिल्याशी. दुसऱ्यांचा उल्लेख त्यात नसतो.

स्टेपनी

प्रारंभ आपल्याच भाषेतल्या एका शब्दापासून करू. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. पंक्चरवाल्यापासून एसटीच्या चालकापर्यंत सगळे म्हणतात. बोलीत या शब्दाला एक चावट अर्थही मिळाला आहे. हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याचा. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसेच. टायर फुटला की रस्त्यातच तो उतरवून दुरुस्त करावा लागे. १९०४ मध्ये लॅनेलीतल्या डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक धाव बनवली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून आवळायची आणि गाडी पुढे न्यायची. ही धाव मोटारीबरोबर येत नसे, वेगळे पैसे देऊन घ्यावी लागे. म्हणजे आपला ‘स्टेपनी’ हा शब्द एका पर्यायी वस्तूचे व्यापारी नाव आहे. पुढे जादा चाक सर्रास गाडीबरोबर येऊ लागले, धाव विस्मरणात गेली आणि नाव तेवढे उरले.

मोटारीतल्या पुष्कळ वस्तूंचा प्रवास असाच झाला आहे. हँडल फिरवून इंजिन चालू करताना मनगटे मोडत. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. फोर्डच्या स्वस्त ‘मॉडेल टी’मध्ये तो पोहोचायला आणखी सात वर्षे लागली आणि तिथेही आधी काही प्रकारांत तो वेगळे पैसे मोजूनच मिळे. महागड्या गाडीत आधी, मग स्वस्त गाडीत जादा पैशांनी आणि शेवटी सर्वांना सरसकट, अशा तीन पायऱ्या. या पायऱ्यांचा जाणीवपूर्वक जिना केला तो १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी. शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत प्रत्येक खिशाला एक गाडी आणि प्रत्येक गाडीवाल्याला वर बघायला पुढची पायरी. आजचा बेस-मधले-टॉप हा तक्ता त्याच जिन्याची घडी घालून एका पानावर बसवलेली आवृत्ती आहे.

आता अडचण अशी, की या जिन्यावरून सगळ्याच वस्तू सारख्याच चढतात. घड्याळ, लाकडी मुठीचा गिअर, रेडिओ आणि जीव वाचवणारा पट्टा हे सगळे एकाच रांगेत. १९५६ साली फोर्डने अमेरिकेत सुरक्षिततेवर भर देणारी ‘लाइफगार्ड’ योजना आणली. छातीत न घुसणारे स्टीअरिंग आणि धक्क्याने न उघडणारी दाराची कडी सर्व गाड्यांना दिली. कमरेचे पट्टे आणि गादी लावलेला डॅशबोर्ड मात्र पर्यायी ठेवला. त्या वर्षी शेव्हरोलेने फोर्डला मागे टाकले आणि ‘सुरक्षितता विकली जात नाही’ ही म्हण अमेरिकी मोटारधंद्यात रुळली. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा तीन टोकांचा पट्टा तयार केला. व्होल्वोने त्याचे पेटंट इतर कंपन्यांना वापरू दिले. तरीही अमेरिकेत पट्टे सर्व नव्या गाड्यांना सक्तीचे झाले १९६८ मध्ये, राल्फ नेडर यांचे पुस्तक १९६५ ला येऊन आणि १९६६ चा कायदा होऊन गेल्यावर. वस्तू तयार होती, नक्कल करायला मोकळी होती, स्वस्त होती. तक्त्यातली आडवी रेघ मात्र पुसली गेली नव्हती.

एका मासिकाने पुसलेली रेघ

ही रेघ कधीकधी एखादा समीक्षकही पुसू शकतो. स्वीडनच्या रस्त्यांवर हरणाच्या जातीचा एल्क हा मोठा प्राणी अचानक आडवा येतो. त्याला चुकवायला स्टीअरिंग झटक्यात एकीकडे आणि लगेच दुसरीकडे फिरवावे लागते. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकेन्स वेर्ल्ड’ या स्वीडिश मोटार-मासिकाने नव्या मर्सिडीझ ए-क्लासला ही चाचणी दिली आणि गाडी उलटली. कंपनीने आधी आढेवेढे घेतले. मग गाड्या देणे काही काळ थांबवले, सस्पेन्शन बदलले आणि घसरणारी गाडी चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व ए-क्लास गाड्यांत बसवली. ही यंत्रणा तोपर्यंत मोठ्या, महागड्या गाड्यांची मिरास होती. ती लहान गाडीत सरसकट आली, कारण कोणीतरी माहितीपत्रकावर विसंबून न राहता गाडीला प्रश्न विचारला.

हीच यंत्रणा आपल्याकडच्या तक्त्यांत ‘ईएससी’ किंवा ‘ईएसपी’ या नावाने येते. पावसाळ्यात आंबेनळी किंवा आंबोली घाटात, वळणावर चिखल वाहून आलेला असताना तिचा उपयोग काय, हे वेगळे सांगायला नको. माझ्या ट्रंकेतल्या कितीतरी तक्त्यांत मात्र तिच्यासमोर खालच्या प्रकारांत आडवी रेघ आहे आणि ती हवी असेल तर छताची काच, रंगीत दिवे, मोठा पडदा हे सगळे घेऊन टॉपपर्यंत चढावे लागते. हे म्हणजे मीठ हवे असेल तर पुरणपोळीचे ताट घ्या म्हणण्यासारखे झाले.

आपल्याकडचा ‘ओ’

अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात आपल्याला पर्याय हा प्रश्नच नव्हता. पैसे भरून नंबर लावायचा आणि थांबायचे. गाडी आल्यावर मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून किंवा आपापल्या गावच्या बाजारातून टेप, पंखा, सीटकव्हर घ्यायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढे तिच्याच साध्या आणि एसी अशा दोन आवृत्त्या झाल्या आणि तक्ता आपल्या घरात शिरला. नव्वदीनंतर त्याचे स्तंभ वाढत गेले.

या स्तंभांची नावे वाचण्यासारखी आहेत. आधी ती अक्षरे होती : एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. अक्षरे वर्णमालेच्या शेवटाकडे सरकली की गाडी महाग. मग विशेषनामे आली : एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, अ‍ॅस्टा. अलीकडे माणसाचे गुणच आले. २०२३ च्या टाटा नेक्सॉनचे प्रकार स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह आणि फिअरलेस. शहाणा सर्वांत खाली आणि निर्भय सर्वांत वर! गंमत बाजूला ठेवून हेही नोंदवले पाहिजे, की त्या गाडीत सहा एअरबॅग आणि ईएससी शहाण्यापासून निर्भयापर्यंत सगळ्यांना सारखेच दिले होते. नावाचा जिना ठेवून जिवाचा जिना काढून टाकता येतो, याचे ते उदाहरण आहे.

सर्वांत बोलके मात्र एकच अक्षर आहे : कंसातला ‘ओ’. पर्यायी म्हणजे ऑप्शनल. ह्युंदाईच्या आय२० मध्ये अ‍ॅस्टाच्या पुढे ‘ओ’ लागला की छताला उघडणारी काच मिळते. २०१५ च्या सुमारास मारुतीच्या स्विफ्टमध्ये एलएक्सआयपुढे ‘ओ’ लागला की दोन एअरबॅग आणि चाक न अडकू देणारा एबीएस ब्रेक मिळे. एकाच अक्षरात एकीकडे आकाश आणि दुसरीकडे आईच्या समोरची एअरबॅग. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही ‘ओ’ समान आहेत. हीच या भाषेची खोड आहे. ती सगळ्या अभावांना एकाच आडव्या रेघेने दाखवते.

त्या रेघेची किंमत जानेवारी २०१४ मध्ये जगासमोर आली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्यांचे सर्वांत खालचे प्रकार ठोकरून पाहिले. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे. मग दोन एअरबॅग असलेली पोलो ठोकरली. तिला चार तारे मिळाले. तीच गाडी, तोच रंग, तोच कारखाना. शून्य आणि चार यांच्यात अंतर होते ते तक्त्यातल्या एका चौकटीचे. फोक्सवॅगनने त्यानंतर एअरबॅगशिवायची पोलो विकणे बंद केले.

याच चाचणीतला दुसरा निष्कर्ष कमी लोकांना आठवतो. पोलो आणि फिगोचा सांगाडा धडकेत टिकला. उरलेल्या तीन गाड्यांचा कोसळला. ज्या गाडीचा सांगाडाच आत येतो तिथे एअरबॅग फारसे वाचवू शकत नाही. म्हणजे सर्वांत महत्त्वाची वस्तू तक्त्यात येतच नाही. तिच्यासमोर ठिपकाही नाही आणि रेघही नाही. पन्नास-साठ ओळींत आपण निवड करत राहतो आणि जे निवडताच येत नाही ते विसरतो. म्हणून कुठल्याही माहितीपत्रकाच्या आधी गाडीला मिळालेले तारे पाहावेत आणि ते नेमक्या कुठल्या प्रकाराला मिळाले हेही पाहावे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे.

कायद्यानेही आधी चालकाला विचारले

वाटेल, की हा सगळा दोष विक्रेत्यांच्या भाषेचा. पण कायद्याची वाक्येही याच क्रमाने लिहिली गेली. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. चालकाच्या शेजारी बसणाऱ्याची एअरबॅग नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून आणि चालू मॉडेलांना त्या वर्षाच्या अखेरीपर्यंतची मुदत देऊन सक्तीची झाली. मधली सुमारे अडीच वर्षे कायद्याच्या दृष्टीने एका आसनावरचा जीव आवश्यक होता आणि एक हात अंतरावरचा पर्यायी. आपल्या घरांत त्या दुसऱ्या आसनावर बहुधा कोण बसते, हे वाचकांनी आठवून पाहावे.

मागच्या आसनांची कथा तर अपुरीच राहिली. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा काढला. बाजूच्या आणि पडद्यासारख्या उलगडणाऱ्या या एअरबॅगांपैकी पडदे मागच्यांनाही उपयोगी पडतात. सक्तीची तारीख ऑक्टोबर २०२२ होती. ती ऑक्टोबर २०२३ वर गेली आणि शेवटी नितीन गडकरी यांनी सक्ती करणार नसल्याचे सांगितले. नंतर २०२५ मध्ये अल्टो के१० सारख्या लहान गाडीतही कंपनीने आपणहून सहा एअरबॅग सरसकट दिल्या. सक्ती नव्हती, तरी रेघ पुसली गेली. ती अजून सगळीकडे पुसलेली नाही.

याविरुद्ध एक गंभीर युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी तो जाहीरपणे मांडला. लहान गाडीची किंमत वाढली, तर दुचाकीवरचा माणूस चारचाकीत येणारच नाही आणि दुचाकी त्याहून धोक्याची आहे. आई, वडील, मधे एक मूल आणि टाकीवर दुसरे, असे स्कूटरवर जाणारे कुटुंब पाहिलेल्या कोणालाही हा मुद्दा झटकता येणार नाही. पण तो मान्य केला तर त्याचा रोख तक्त्याकडेच वळतो. पैसे खरोखर तुटपुंजे असतील, तर काय सोडायचे हे नेमके सांगणारा तक्ता हवा. ज्याला तीस हजार जमवायचे आहेत त्याला ते छताच्या काचेत गेले की पडदा-एअरबॅगमध्ये, हे स्पष्ट दिसले पाहिजे. सगळ्या चौकटी सारख्या आकाराच्या असल्याने ते दिसत नाही.

आणि जी वस्तू फुकट आहे तिचे काय? रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे-निम्मे. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसलेले गृहस्थ गेले. पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासातून पुढे आले. गाडी उत्तम होती. मागच्याने पट्टा लावण्याचा नियम जुनाच आहे आणि २०१९ च्या कायद्यानंतर त्याला एक हजाराचा दंडही आहे. पण मागचा पट्टा आपल्या मनात अजून ‘ओ’ आहे.

माझी स्वतःची फाईल

हे सगळे लिहिणाऱ्याने आपले कागद लपवू नयेत. २०११ च्या दसऱ्याला मी माझी पहिली नवी गाडी घेतली. तिच्या दोन प्रकारांत सुमारे चाळीस हजारांचा फरक होता. वरच्यात दोन एअरबॅग आणि एबीएस होते. मी खालचा घेतला. “आपण कुठे एवढ्या जोरात चालवतो?” हे माझे वाक्य होते. घरातल्या कोणाला मी विचारले नाही आणि त्या वेळी विचारायचे असते असे वाटलेही नाही.

फाईलमध्ये त्याच आठवड्याची दुसरी पावती आहे. रेक्झिनची सीटकव्हरे, पायाखालची मॅट, मडफ्लॅप, टेप, चार स्पीकर आणि काचांना काळी फिल्म. बेरीज बत्तीस हजारांच्या वर. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली आणि मी ती ब्लेडने खरवडून काढली. टेप तीन वर्षांत निरुपयोगी झाला, कारण गाणी फोनमध्ये गेली. म्हणजे वाचवलेल्या चाळीस हजारांतले बत्तीस हजार मी अशा वस्तूंवर घालवले, ज्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही दुकानात मिळाल्या असत्या. जे फक्त त्याच दिवशी, त्याच कारखान्यातून मिळणार होते ते सोडले.

त्या गाडीला अपघात झाला नाही. नऊ वर्षे आम्ही पुण्याहून खंबाटकी चढून साताऱ्याला येत राहिलो. मुलगी मागे मधल्या जागेवर बसायची. तिथे फक्त कमरेचा पट्टा होता आणि डोक्यामागे टेकू नव्हता. मग मी गाडी विकली. माण तालुक्यातला एक तरुण ती घ्यायला आला. आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला-आणायला त्याला गाडी हवी होती. टायर पाहिले, बॉनेट उघडून पाहिले, एक फेरी मारली. मग स्टीअरिंगच्या मध्यावर बोट ठेवून म्हणाला, “काका, हितं एअरबॅग आहे का?” मी नाही म्हणालो. तो म्हणाला, “चालतंय की.” पैसे मोजून तो गेला.

मला खरा धक्का तेव्हा बसला. २०११ ला मी निवड केली ती फक्त माझ्यासाठी नव्हती, घरच्यांसाठीही नव्हती. ती या मुलासाठी आणि त्याच्या आई-वडिलांसाठी होती, ज्यांना मी तेव्हा ओळखत नव्हतो. आपल्या देशात नव्यापेक्षा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री अधिक होते. प्रत्येक मोटार दोन-तीन घरे फिरते. पहिल्या गिऱ्हाइकाने एकदा ओढलेली आडवी रेघ पुढच्या सगळ्यांच्या वाट्याला येते आणि त्यांच्यासमोर तेव्हा कुठलाही तक्ता नसतो.

वाचायचे कसे

आता कोणी विचारले, की मी त्याला टॉप किंवा बेस असे उत्तर देत नाही. तक्ता समोर ठेवतो आणि प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला प्रश्न : हे नंतर बाहेरून बसवता येईल का? येत असेल तर आज सोडा. पडदा, स्पीकर, मागचा कॅमेरा, अलॉय व्हील, मॅट, सीटकव्हर हे सगळे बाजारात मिळते आणि पडदा तर चार वर्षांत जुना होतो. सीटकव्हर घेताना एवढे पाहावे, की सीटच्या बाजूतून उघडणारी एअरबॅग त्याखाली अडकणार नाही. अलॉय दिसायला छान, पण खड्ड्यात आपटून तडकले तर नवेच घ्यावे लागते. लोखंडी चाक वाकले तर बहुधा ठोकून सरळ होते. शिवाय पुष्कळ गाड्यांच्या वरच्या प्रकारांत चार चाके मोठी अलॉयची आणि स्टेपनी लहान लोखंडी असते. काही विजेवरच्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते, पंक्चर काढायचा संच मिळतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या वस्तूने आपल्याला शब्द दिला ती पुन्हा पर्यायी होते आहे, हे लक्षात ठेवून डिकी उघडून पाहावी. याउलट एअरबॅग, ईएससी, मधल्या जागेचा तीन टोकांचा पट्टा आणि डोक्यामागचा टेकू या वस्तू नंतर कुठलाही मिस्त्री नीट बसवून देऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न : हे कोणासाठी आहे आणि त्याला विचारले का? चालकाची सीट वर-खाली करण्याची सोय बहुधा मधल्या प्रकारापासून मिळते. उंच पुरुष गाडी पाहायला जातो आणि ती ओळ वगळतो. पाच फूट उंचीची त्याची बायको पुढे दहा वर्षे उशी घेऊन गाडी चालवते. मागच्या काचेचा वायपर आणि धुके घालवणाऱ्या तारा पुण्यात चैन वाटतात. कोकणात जूनपासून त्यांच्याशिवाय मागचे दिसत नाही. मागच्या आसनांसाठी एसीची झरोकी नागपूरच्या मे महिन्यात आजोबांना लागते, चालकाला नव्हे. चांगला उजेड पाडणारे दिवे तर समोरून चालत येणाऱ्यालाही लागतात. तो आपल्या घरचाही नसतो.

तिसरा प्रश्न : आठव्या वर्षी हे कोणाच्या उपयोगाचे असेल? फोनवरून गाडीला आज्ञा देण्याची सेवा पहिली काही वर्षे फुकट असते, नंतर वर्गणी मागते. रस्त्यावरचे पट्टे ओळखून गाडी सरळ ठेवणारी यंत्रणा द्रुतगती मार्गावर शहाणी असते. ज्या रस्त्यावर पट्टेच पुसले आहेत तिथे तिला वाचायला काही नसते. छताच्या काचेबद्दल मी वाद घालत नाही, कारण पोरांना ती हवी असते. एवढेच सांगतो, की धावत्या गाडीत तिच्यातून पोराचे डोके बाहेर काढू देऊ नका आणि ती घेण्यासाठी दुसरी कुठली ओळ सोडली जात नाही ना, ते पाहा.

तीन प्रश्नांनी तक्ता गाळला, की पन्नास-साठ ओळींतल्या सात-आठच उरतात. त्या ज्या सर्वांत खालच्या प्रकारात मिळतात तो प्रकार घ्यावा. पुष्कळदा तो टॉप नसतो. आणि त्या टॉपशिवाय मिळतच नसतील, तर ते कंपनीबद्दल काहीतरी सांगते. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा तक्ता मागवावा.

या पाडव्यालाही शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्या उभ्या असतील, चाकाखाली लिंबे असतील. लिंबू ठेवणारा हात चारही चाकांखाली ते ठेवतो, पुढच्या-मागच्याचा भेद करत नाही. गेल्या महिन्यात भाचा माहितीपत्रक घेऊन आला तेव्हा मी त्याला एकच काम सांगितले. शेवटचे पान घरी ने आणि मागे बसणाऱ्यांसमोर मोठ्याने वाच. त्याची आजी म्हणाली, “मधे मीच बसते बाबा, माझ्या डोक्यामागं काय आहे ते बघ.” त्या चौकटीत आडवी रेघ होती. त्याने अलॉय सोडले आणि एक पायरी वर गेला.